हातभर वरचा देव

ओव्हरसियरनं गावात येऊन हुशार मुलं मागितली, त्या दिवशी दुपारपर्यंत खारपाड्यात एकही हुशार मूल शिल्लक राहिलं नाही.

तो आला सकाळी. नाव यशवंतराव गणपुले, पुण्याचा, वय पंचविशीच्या आसपास. डोक्यावर पगडी आणि पगडीवर छत्री. मुंबईला नळानं पाणी न्यायचं काम त्या साली ठाण्याच्या खाडीपर्यंत येऊन पोचलं होतं, आणि नळ ज्याच्यावरून जायचा त्या मातीच्या बांधावर दसऱ्यानंतर त्याची नेमणूक झाली होती. धोंडीबा पाटलानं त्याला ओटीवर बसायला पाट दिला. आगऱ्याच्या घरचं पाणी तो पिणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून पाणी विचारलं नाही, गूळ विचारला. त्यानं गूळही घेतला नाही. मग पाटलानंच तो खाल्ला.

"मला दोन मुलं हवीत," गणपुले म्हणाले. "सोळा-सतरा वर्षांची. अंगानं धडधाकट आणि डोक्यानं हुशार. सरकार त्यांना घेऊन जाईल."

इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांना गावाला खूश करायचं होतं.

"खाणंपिणं सगळं सरकारचं. एकदा मुलगा दिला, की घरच्यांनी पुन्हा त्याची काळजी करायला नको."

अंगणात जमलेली माणसं एकमेकांच्या पायांकडे बघू लागली. मोठं बांधकाम माणूस घेतल्याशिवाय उभं राहत नाही, हे खारपाड्यात पोराटोरांनाही माहीत होतं. मागं खाडीवर आगगाडीचा पूल बांधला तेव्हा पायात माणसं घातली असं म्हणायचे. कोणाची घातली ते कोणाला सांगता येत नव्हतं, कारण कोणाच्याच घरचं कोणी कमी झालेलं नव्हतं. पण पूल तीस-पस्तीस वर्षं उभा होता. यापेक्षा पुरावा काय हवा? आता नळाचा बांध आला होता, आणि बांधाला हुशार पोरं लागत होती.

"हुशार?" पाटील गूळ गिळून म्हणाला. "आमच्या गावात? सायेब, तुमाला कोनी तरी फसवलंन."

"एकही नाही?"

"मी पाटील हाय, यावरनं समजा."

मग एकेक जण पुढं झाला. एकाचा मुलगा स्वतःच्या घराची वाट विचारत फिरायचा. दुसऱ्याच्याला उजवा हात कुठला ते समजावं म्हणून मनगटाला दोरा बांधलेला होता. दोरा डाव्या हातात होता. सेलेस्टीन सुतार, गावच्या खालच्या अंगाला किरिस्तांवांची आठ घरं होती त्यांतला, हात जोडून म्हणाला, "माझा लिओ तीन वर्सं पाद्र्याकडं शिकला, सायेब. चवथ्या वर्साला पाद्रीच गाव सोडून गेला."

सगळ्यांत शेवटी हौसाबाई पुढं आली. कमरेला घट्ट कासोटा, हाताला मिठाच्या भेगा. तिनं मागं लपलेल्या आपल्या मुलाला दंडाला धरून उजेडात ओढलं.

"ह्यो धाकू. ह्याला पावसात घरात ये म्हनून सांगाला लागतं. बघा, तुमीच बघा."

तिनं मागून चिमटा काढला. धाकूनं जबडा खाली टाकला. उघड्या तोंडात एक माशी गेली, आत जरा फिरली आणि बाहेर आली. तोंड मिटलं नाही.

गणपुल्यांनी वही काढली आणि काही तरी लिहिलं. "फार वाईट वाटतं," ते म्हणाले, आणि छत्री उघडून निघून गेले.

"मिट आता," हौसाबाई म्हणाली.

&nbsp;

हा धाकू खारपाड्यातला सगळ्यांत हुशार मुलगा होता, हीच तर पंचाईत होती.

त्याचा बाप गोपीनाथ मिठागर राखायचा. मिठागर म्हणजे एकाला एक लागून वाफे. उधाणाचं पाणी पहिल्यात घ्यायचं, तापवायचं, दुसऱ्यात सोडायचं, आणि शेवटच्या वाफ्यात ते नखाइतकं पातळ उभं केलं की त्याचं मीठ होतं. पण वाफ्याचा तळ ताटासारखा सपाट हवा. एक बोट जरी उतार राहिला, तर एका कोपऱ्यात मीठ आणि दुसऱ्यात चिखल. तळ सपाट करायचा तो पायानं. घरातली चौघंही, गोपीनाथ, हौसाबाई, धाकू आणि बारा वर्षांची सगुणा, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेत उभी राहायची आणि टाचांनी चिखल चोपत मागं मागं सरायची. सकाळी चिखल गार असायचा. दुपारी त्यातलं खारं पाणी टाचेच्या चिरांत शिरलं की सगुणा मोठ्यानं गाणं म्हणायची. ते गाणं नसायचं, पण कण्हण्यापेक्षा बरं वाटायचं.

चोपून झालं की धाकू एकटा वाफ्यातून चालत जायचा. मध्येच थांबायचा. टाच फिरवायचा.

"हितं उचललाय."

"कवडा?"

"तांदूळभर."

गोपीनाथ पाणी सोडून बघायचा. पाणी त्या जागेला वळसा घालून जायचं. तांदूळभरच असायचं. वाफे, ओटे, जात्याची बैठक, सेलेस्टीनच्या दारातला क्रूस, गावात जे जे सपाट किंवा उभं हवं, त्याला धाकूला बोलवायचे. आता मात्र हौसाबाईनं बजावलं, "रस्त्यानं चालतास तो पन जरा वाकडा चाल. कोन बघतं कोन नाय."

धाकू वाकडा चालू लागला. दोन दिवसांत गावातली निम्मी पोरं वाकडी चालू लागली. बांधावरून पाहणाऱ्या गणपुल्यांनी वहीत आणखी काही तरी लिहिलं.

&nbsp;

मिठागर आणि खाडी यांच्या मधूनच नळाचा बांध जाणार होता. पाणी घ्यायची जुनी लाकडी उघाडी बांधाखाली जाणार, आणि तिच्या बदल्यात सरकार दगडी मोरी बांधून देणार, असं ठरलं होतं. उघाडीचा दरवाजा सेलेस्टीनच्या बापानं केलेला होता. सेलेस्टीन मोरीसाठी नवा दरवाजा तासत होता आणि तासताना जुन्याची माफी मागत होता.

मार्गशीर्ष लागला तसं गोपीनाथाचं घरही मातीच्या पाट्या वाहायला बांधावर गेलं. तिसऱ्या दिवशी गणपुल्यांनी धाकूकडे बोट केलं.

"तो तोंड उघडं टाकणारा. त्याला पाठवा. पट्टी धरायला मूर्ख माणूस चांगला. हुशार माणूस इकडे तिकडे बघतो आणि पट्टी हलते."

अशा रीतीनं मूर्खपणाच्या जोरावर धाकू सरकारी कामाला लागला.  हौसाबाईचंच सांगणं मान्य झालं होतं.

पट्टी म्हणजे दोन पुरुष उंचीची लाकडी फळी, तिच्यावर आकडे आणि काळ्या-पांढऱ्या रेघा. गणपुले लांबवर तीन पायांच्या घोडीवर पितळेची दुर्बीण लावून उभे राहायचे आणि पट्टीवरचा आकडा वाचायचे. आपण मूर्ख आहोत हे विसरलं जाऊ नये, म्हणून धाकूनं पट्टी खालचं टोक वर करून धरली.

 मग गणपुले स्वतः चिखल तुडवत आले.

"हे तुला कोणी शिकवलं?"

धाकूनं तोंड उघडं टाकलं.

"ते मिट. ह्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. दोन वर्षं मी आकडे उलटे वाचतोय, मान मोडून. आज पहिल्यांदा सुलटे दिसले." ते जरा थांबले. "चुकीचे दिसले. पण सुलटे दिसले. चल, तूच बघ."

धाकूनं डोळा लावला. आत सगळं खारपाडं आभाळाला टांगलेलं होतं. माड खाली वाढले होते. त्याची आई वरच्या जमिनीला पाय चिकटवून लटकली होती, डोक्याखाली मातीची पाटी, आणि पाटीतली माती सांडत नव्हती.

त्याहून त्याला आवडली ती दुर्बिणीच्या पाठीवरची काचेची नळी. नळीत पाणी, आणि पाण्यात हवेचा एक फुगा. गणपुल्यांनी स्क्रू पिळला. फुगा एका अंगाला पळाला. उलटा पिळला, तसा सावकाश मधे येऊन उभा राहिला.

"फुगा मधोमध उभा, की सगळं समपातळीत," गणपुले म्हणाले.

धाकू विसरला. "म्हंजे टाच," तो म्हणाला.

"काय?"

"काय नाय." तोंड उघडं.

गोपीनाथ पाटी टाकून तिथंच कंबर धरून उभा होता. त्यानं विचारलं, "सायेब, तुमी हे करताव त्याला म्हनतान काय?"

"इंजिनियरी."

"म्हंजे नेमका काय?"

गणपुल्यांना हे कोणी कधी विचारलं नव्हतं. पुस्तकातलं उत्तर त्यांच्या तोंडाशी आलं, पण समोरच्या माणसाच्या अंगावर गुडघ्यापर्यंत चिखल होता, म्हणून ते परत गेलं. "पाणी जिथं जायला हवं तिथं जाईल, आणि नको तिथं जाणार नाही, एवढं बघायचं. त्यासाठी मोजायचं, आखायचं, बांधायचं. पुण्यात सरकारी वर्ग आहे, तिथं शिकवतात."

"ते तर आमी करताव," गोपीनाथ म्हणाला. "आमाला आगरी म्हनतान." आणि त्यानं पाटी उचलली.

&nbsp;

मोरीचा तळ घातला त्या दिवशी धाकू जेवला नाही.

"पोटात दुखतं?" हौसाबाईनं विचारलं.

"मोरी उंच हाय."

गोपीनाथाचा घास थांबला.

"जुन्या उघाडीच्या खांबावर कालवांची रेघ हाय ना, उधाण जितं पोचतं ती," धाकू म्हणाला. "खाडीचं पानी शांत होतं तवा मी काठीनं मापला. पान्यापासनं रेघ जेवडी वर, मोरीचा तळ पन तेवडाच वर. हातभर खाली पायजे होता. पुनवेचं पानी येईल, उंबऱ्यावरनं आत डोकावंल, आनी निंगून जाईल."

"मंग मीठ?" सगुणानं विचारलं.

 चूल धुपत होती. गावाचे साठ वाफे त्या एका मोरीवर होते. येत्या पुनवेला पाणी घ्यायचं, आणि पुनव झाली की मोरीवर कमान चढवून माती लोटायची, असं गणपुल्यांनी सांगितलं होतं. एकदा माती पडली आणि वरून नळ गेला, की ती मोरी उकलायला मुंबईची तहान भागवणं बंद करावं लागलं असतं.

"मी सांगतंय उद्या सायबाला," धाकू म्हणाला.

"सांगशील?" हौसाबाईनं भाकरी तव्यावरच सोडली. "मंग तो इचारंल, तुना कसा कललं. काय सांगशील? माज्या टाचेला कललं? दुसऱ्या दिवशी तू त्या मोरीखाली. मंग पानी वाहील तुज्या वरनं! मीठ गेला तर जाऊदे. आपन खाऊ बिनमिठाचं."

"आवशी, साऱ्या गावाचं मीठ हाय."

"साऱ्या गावाला पोरं हायेत. मना एक हाय."

"आनी मी?" सगुणा म्हणाली.

"तुना कोन पुरतं? तू मुलगी हायेस, त्यांना तू दिसत पन नाय."

सगुणाला यातली सोय आवडली की राग आला ते समजलं नाही. भाकरी मात्र जळली.

शेवटी गोपीनाथ म्हणाला, "मी सांगतंय. मना पुरून त्यांना काय भेटनार? कंबर तर अर्दी गेलेली."

दुसऱ्या दिवशी तो गणपुल्यांसमोर डोईचं फडकं काढून उभा राहिला. गणपुल्यांनी ऐकून घेतलं, वही उघडली, आकडे दाखवले. गोपीनाथानं आकड्यांकडे आदरानं पाहिलं.

"हे बघ. तळ उधाणाच्या हातभर खालीच आहे. दोनदा ताडून पाहिलंय."

"कागदावर हाय, सायेब. पन पानी कागदावर येनार नाय."

मुकादम खो खो हसला. भोवतीचे मजूरही हसले, त्यांत खारपाड्याचेही दोघे होते. गणपुल्यांचे कान लाल झाले. "तुझं काम पाट्या वाहायचं," ते म्हणाले, "तेवढं कर." गोपीनाथ परत फिरला. त्या दिवशी त्यानं रोजच्यापेक्षा वीस पाट्या जास्त वाहिल्या, आणि संध्याकाळी सगुणानं त्याच्या कमरेला गरम वाळूची पुरचुंडी लावली तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडला.

&nbsp;

पुनवेची भरती भर दुपारी होती. सगळं गाव मोरीजवळ जमलं. सेलेस्टीननं नव्या दरवाज्याला तेल लावलं होतं. धोंडीबा पाटलानं नारळ आणला होता. लिओ आणि धाकूनं दोन बाजूंनी दरवाजा वर उचलून धरला.

पाणी आलं. तिवरांची मुळं बुडाली, चिखलातले खेकडे वर सरकले, पाणी मोरीच्या तोंडाशी आलं. उंबऱ्यावर चढलं. पानावर वाढलेल्या तुपाइतकी एक जीभ आत आली, दोन वितींवर थांबली, आणि तिच्यावर एक पिवळं पान गोल फिरत राहिलं. गाव त्या पानाकडे बघत होतं. मग पान उलटं निघालं.

"येईल अजून," गणपुले म्हणाले.

"भरती उतारली, सायेब," पाटील म्हणाला. त्यानं नारळ परत काखेत घेतला.

गणपुल्यांनी वही उघडली, मिटली, परत उघडली. बेरीज बरोबर होती. वजाबाकी बरोबर होती. मुकादमानं त्यांना धीर देण्यासाठी म्हटलं, "रावसाहेब, समुद्राचंच काही तरी चुकलं असणार."

गणपुल्यांनी क्षणभर ह्याचाही विचार केला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आठ दिवसांनी मोठा साहेब पाहणीला येणार होता. ते उंबऱ्यावर बसले, धोतर ओल्या चुन्यात, आणि हळूच म्हणाले, "मला समजत नाही." इतकी माणसं समोर असताना शिकलेल्या माणसानं असं म्हटलेलं गावानं कधी ऐकलं नव्हतं.

गोपीनाथ खाली मान घालून उभा होता. मागं साठ वाफे कोरडे, चोपून चोपून आरशासारखे झालेले.

धाकूनं दरवाजा सोडला.

"हातभर उंच हाय, सायेब."

"धाकू!" हौसाबाई ओरडली.

"तुमची बेरीज बरोबर हाय," धाकू म्हणाला. त्याचं तोंड आता पूर्ण मिटत आणि पूर्ण उघडत होतं, शहाण्या माणसासारखं. "पन तुमी सुरवात कंय करताव? पयला आकडा कुटून आनला?"

गणपुल्यांनी वर पाहिलं. "दगडावरून. पावसाळ्याआधी माझ्या आधीच्या माणसानं पुरलेला दगड. त्याची उंची वहीत लिहिलेली आहे. त्याच्यावर पट्टी उभी करायची आणि तिथून पुढं सगळं मोजायचं."

"कुटचा दगड?"

"तुमच्याच पिंपळाखालचा. त्याच्यावर खूण आहे. आडवी रेघ, आणि तिला खालून टेकलेल्या तीन रेघा."

खारपाड्याच्या सगळ्या बायकांनी एकदम पदर तोंडावर घेतला.

&nbsp;

पिंपळ गावाच्या वरच्या अंगाला होता. पुढं गणपुले, मागं गाव. दगडाला शेंदूर होता, झेंडूची वाळलेली माळ होती, खाली उदबत्तीची राख आणि एका बाजूला अर्धी जळलेली मेणबत्ती.

"हा हलवलाय?" गणपुल्यांनी विचारलं.

बायका एकमेकींना पुढं ढकलू लागल्या. मग हौसाबाई पुढं आली. पोरगं तर हातचं गेलंच होतं, मग आता लपवून काय करायचं?

"नवरात्रात आमी बायकांनी वर घेतला. पावसानं माती वाहून गेली, तवा ह्यो आपसूक वर आला. बघताव तर तिरशूल. देव गाईगुरांच्या वाटंत, चिखलात बसलाय. गुरं काय काय करतान. असाच ठेवाचा का? चवथरा बांधला आनी वर बसवला."

"आणि मेणबत्ती?"

"ती माजी," सेलेस्टीन खाकरला. "तीन रेगा हायेत, सायेब. बाप, पुत्र आनी पवित्र आत्मा. मी म्हटलं, एका मेनबत्तीनं कोनाचं वाईट होत नाय."

गणपुले चौथऱ्याजवळ उकिडवे बसले. त्यांना दसऱ्यानंतरचा पहिला दिवस आठवत होता. हा चौथरा पाहून त्यांनी वहीत लिहिलं होतं की पूर्वीच्या माणसानं काम फार नेटकं केलं आहे. त्यांनी हात लावून मोजलं. चौथरा बरोबर एक हात उंच होता. देव एक हात वर गेला होता, आणि त्याच्याबरोबर दुर्बीण, वही, मोरी आणि सरकार.

त्यांनी खिशातून काचेची छोटी नळी काढून चौथऱ्यावर ठेवली. फुगा हलला आणि मधोमध उभा राहिला. आडवी फिरवून ठेवली. मधोमध. चारी कोपऱ्यांवर ठेवली. फुग्याला कुठं जावंसंच वाटेना.

"हा कोणी बांधला?"

सगळं गाव दुसरीकडे बघू लागलं. इतकं एकदम, की मधे एकटा धाकू उरला.

"कशानं मोजलंस?"

धाकूनं आपली टाच उचलून दाखवली.

गणपुले त्या भेगाळलेल्या टाचेकडे बघत राहिले. मग त्यांना एकदम हसू फुटलं, आणि ते पगडी सावरत पिंपळाला टेकून हसत राहिले. "म्हणजे तू चौथरा एखादं बोट वाकडा बांधला असतास, तर मला संशय आला असता! इतका सरळ बांधलास, म्हणून मी फसलो!" मग हसणं थांबलं. "हा मुलगा मला द्या."

"नाय," हौसाबाई म्हणाली.

"बाई, पुण्याला..."

"मोरीखाली नाय घालाचा."

"मोरीखाली?"

मग सगळं बाहेर आलं, पूल, पायातली माणसं, मनगटाचे दोरे, वाकडं चालणं. गणपुल्यांनी वहीतली पानं मागं उलटली, जिथं त्यांनी गावातल्या मुलांच्या पायांबद्दल वैद्याला पाठवायचं पत्र लिहून ठेवलं होतं, आणि ते पान फाडलं.

"पुलाखाली चुना असतो, दगड असतो," ते म्हणाले. "माणूस नसतो, बाई. हुशार माणसं पुरायची असती, तर मी तुमच्यासमोर उभा असतो का?"

हौसाबाईनं त्यांना पगडीपासून पायापर्यंत न्याहाळलं.

"तुमी हातभर चुकलाव," ती म्हणाली. "तुमाला कोन पुरनार?"



&nbsp;

देव खाली घ्यायला गाव तयार झालं नाही, आणि गणपुल्यांनीही आग्रह केला नाही. मोठ्या साहेबाला त्यांनी कळवलं की खारपाड्याचा दगड देवाच्या कारणास्तव हातभर वर गेला असून, ह्यापुढं सगळ्यांनी हातभर वजा करावं. साहेबानं दोन कडक ओळी लिहिल्या आणि तळ नव्यानं घालायला परवानगी दिली.

तळ फोडला. माती काढली, दगड खाली नेले. शेवटच्या फरशा बसवताना गणपुले एका बाजूनं फुगा ठेवायचे आणि दुसऱ्या बाजूनं धाकू अनवाणी चालायचा. दोघांचं एकदाच जमलं नाही. तिथं फुग्याच्या नळीखाली वाळूचा खडा निघाला. गोपीनाथ ते लांबून बघत होता. गणपुले उठून त्याच्याकडे गेले आणि सगळ्या मजुरांसमोर म्हणाले, "गोपीनाथ, त्या दिवशी तू बरोबर होतास."  गोपीनाथानं भरलेली पाटी दुसऱ्या खांद्यावर घेतली, एवढंच.

पुढच्या महिन्यातल्या अमावास्येला, दुपारी, पाणी आलं आणि उंबऱ्याशी थांबलं नाही. दरवाज्याखालून ते तपकिरी, फेसाळ, तिवराची पानं घेऊन आत शिरलं आणि पहिल्या वाफ्यात पसरलं. सगुणा त्याच्या पुढं पुढं धावत होती. पाटलानं नारळ फोडला. तो दीड महिना जपलेला होता, त्यामुळं आत फक्त वास निघाला, पण कोणी तक्रार केली नाही.

पावसाळ्यापर्यंत गणपुल्यांनी पुण्याच्या सरकारी वर्गासाठी पिंपळाखाली धाकू आणि लिओ दोघांना आकडे, गुणाकार आणि रेघा शिकवल्या. लिओ आकड्यांत मार खायचा, पण त्यानं काढलेली रेघ खोडावी लागत नसे; बाप सुतार होता. सगुणा पाणी द्यायच्या निमित्तानं येऊन बसायची आणि उत्तरं आधी सांगायची, म्हणून तिला पाणी आणायला परत पाठवायचे. ती बरंच पाणी आणायची.

हौसाबाई महिनाभर पुण्याचं नाव निघालं की उठून जायची. मग एका सकाळी मीठ ओढता ओढता फळी टेकवून उभी राहिली.

"जाशील तर जा," ती म्हणाली. "पन पुलावरनं गाडी जाते ना?"

"जाते."

"पूल सुटंपर्यंत तोंड उघडा ठेव. त्याला काय कललं नाय पायजे."

"आवशी, पूल दगडाचा हाय."

"देव पन दगडाचा हाय. त्यानं किती गोंधळ केला?"

गणेशचतुर्थी झाल्यावर धाकू आणि लिओ निघाले. गणपुले रजेवर पुण्याला चालले होते, तेच बरोबर होते. धाकूच्या हातात मिठाची पुरचुंडी होती, लिओच्या हातात बापानं केलेली सागवानी मोजपट्टी, खांद्यावर एक एक गाठोडं. होडीतून ठाण्याला उतरून ते तिघे गाडीत बसले. हौसाबाई आणि सगुणा अलीकडच्या काठावर, पुलाखालच्या चिखलात उभ्या राहिल्या. गोपीनाथ उन्हात हात आडवा धरून उभा होता.

गाडी पुलावर आली. लिओला हे सगळं वेडेपणाचं वाटत होतं, पण धाकूनं जबडा खाली टाकला तसा त्यानंही टाकला, काय सांगावं. समोरच्या बाकावरच्या शेटजीनं आपली पेटी जवळ ओढली. गणपुल्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. चिखलात कासोट्यातली एक बाई मान वर करून उभी होती आणि एकेक खांब मोजत होती.

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, पगडी नीट केली, आणि आपलंही तोंड उघडं टाकलं.

"तीन तोंडं," सगुणा खालून म्हणाली.

"तिसरा कोन?"

"सायेब."

हौसाबाई शेवटचा डबा पुलावरून सुटेपर्यंत हलली नाही. पूल जिथल्या तिथं होता. तिनं पदरानं तोंड पुसलं, कासोटा ओढून घेतला आणि म्हणाली, "सायबांनी उघडलं नसतं तरी चाललं असतं." मग ती तिघं होडीकडे निघाली. भरती सुरू झाली होती, आणि मोरीचा दरवाजा कोणी तरी उचलायचा होता.